पाण्याआधी खडक ओळखा

माझी नोकरी तेलविहिरींतला खडक ओळखण्यात गेली, आणि ‘खडकाला विचारा’ या सदरात मी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पहिलं पत्र शेतकऱ्याचं आणि तिसरं विद्यार्थिनीचं. वाचताना जाणवलं की खडकाआधी त्यातलं पाणी ओळखायला जाणं, ही दोघांची अडचण एकच आहे, म्हणून त्या दोघांना जागा जास्त दिली आहे.

औसा तालुक्यातील एक शेतकरी लिहितात: ताई, शेतात मशीनवाल्याला बोलावून पाणी बघितलं. त्यानं चार खुंट्या ठोकल्या, वायर पसरली आणि सांगितलं, साडेतीनशे फुटांवर दीड-दोन इंच पाणी आहे. सहाशे फूट गेलो, नुसता धुरळा निघाला. तुम्ही तेलवाले समुद्राच्या तळाखाली दीड-दोन किलोमीटरवर तेल आहे का पाणी, ते ओळखता म्हणे. मग आमच्या रानातलं पाणी का ओळखता येत नाही? यंत्र खोटं का माणूस खोटा?

भाऊ, सहाशे फूट कोरडं बोअर म्हणजे हंगामाची कमाई गेली, आणि पुष्कळदा ती उसनवारीची असते. त्यामुळे तुम्हाला उडवाउडवीचं उत्तर देणार नाही.

यंत्र खोटं नसावं. ते बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडतं आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये किती व्होल्टचा फरक पडला ते बघतं. त्यावरून खालचा खडक विजेला किती अडवतो, ते निघतं. बस्स, एवढंच. पाणी त्याला दिसत नाही, विजेचा रोध दिसतो. रोधावरून पाण्यापर्यंत जायचं काम माणसाचं, आणि घोळ होतो तो तिथे.

आपल्या भागात रोधाचे आकडे (ओहम-मीटर या एककात) साधारण असे मिळतात. काळी माती ५ ते १० ओहम-मीटर. कुजलेला मुरमाड खडक २० ते ४०. भेगाळ किंवा मांजऱ्या (बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला) खडक पाण्यानं भरलेला असला तर ४० ते ७०. आकडा त्याहून मोठा आला की अखंड काळा पाषाण, त्याचा आकडा शेकड्यांतही जातो. आता लाव्हाच्या दोन थरांच्या मधे पुष्कळ ठिकाणी गेरूचा लाल पट्टा असतो. गेरूत चिकणमाती असते, आणि चिकणमाती पाण्याचा थेंब सुटू न देता वीज मात्र छान वाहून नेते. वरच्या पाषाणाचा मोठा आकडा खाली एकदम उतरला की मशीनवाला म्हणतो, पाणी. खाली निघतो गेरू. तुमच्या बोअरमधून साडेतीनशेच्या आसपास लाल भुकटी आली होती का, ते गाडीवरच्या पोरांना विचारून बघा. आली असेल तर यंत्रानं बरोबर मोजलं होतं आणि वाचणाऱ्यानं चुकीचं वाचलं.

दुसरी गोष्ट खोलीची. खुंट्या जितक्या लांब नेता येतील तितकं खोलवरचं कळतं, पण जसजसं खाली जावं तसतसं बारीक काही दिसेनासं होतं. आपल्याकडे बोअरला पाणी देणारी भेग किंवा दोन थरांमधला सांधा कितीसा जाड असतो? हात-दोन हात. शंभर मीटर खाली असलेला एवढा पातळ पट्टा जमिनीवरून काढलेल्या आलेखात उमटतच नाही. आणि पाणी किती इंच लागेल, हे तर रोधाच्या आकड्यात कुठेच नसतं. म्हणून जो कुणी ‘साडेतीनशे फुटांवर दीड इंच’ असं फूट-इंचासकट सांगतो, त्यानं ते यंत्रातून काढलेलं नसतं. अशा माणसाला पैसे देण्याआधी त्याच्याकडे आलेख मागा. आलेख न देणाऱ्याला रानात पाऊल टाकू देऊ नका.

आता तेलाचं. तेलवाल्यांची गोष्ट तुमच्यापर्यंत अर्धीच पोचली आहे. मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं ते समुद्रात विहीर खोदून. वरून पाठवलेल्या लहरींनी खालच्या थरांचा उंचवटा दाखवला होता, पण त्यात तेल आहे हे विहिरीनंच सांगितलं. विहीर झाली की केबलला उपकरणं बांधून तळापर्यंत सोडतात आणि वर ओढताना साधारण सहा-सहा इंचांवर मोजत येतात. १९२७ साली फ्रान्समधल्या पेशेलब्रोन इथे श्लुंबर्जे बंधूंच्या मंडळींनी असं विजेचं मोजमाप पहिल्यांदा केलं. मोजमापांच्या रेघा उमटलेल्या कागदी पट्ट्यांना लॉग म्हणतात, आणि माझी सगळी नोकरी त्या वाचण्यात गेली.

एक लॉग तुमच्यासमोर उलगडते. डावीकडे गॅमाची रेघ, म्हणजे खडकातून आपोआप निघणाऱ्या गॅमा किरणांची मोजणी. ती उजवीकडे झुकलेली असेल तोवर चिकणमाती, डावीकडे सरकली की स्वच्छ वाळू किंवा चुनखडी. तिथे थांबायचं आणि शेजारची रोधाची रेघ बघायची. तेलाच्या थरांतलं पाणी बहुधा खारं असतं आणि वीज सहज वाहतं. तेल आणि वायू वीज वाहतच नाहीत. समजा, २५ टक्के पोकळी असलेला स्वच्छ वालुकाश्म आहे आणि आतल्या खाऱ्या पाण्याचा रोध ०.०५ ओहम-मीटर आहे. सगळी छिद्रं पाण्यानं भरलेली असतील तर खडकाचा रोध येतो ०.८. पाणी पाव आणि तेल पाऊण असेल तर तोच रोध होतो १२.८, म्हणजे सोळा पट. हे गणित आर्ची यांनी १९४२ साली मांडलं आणि स्वच्छ वाळूत ते आजही चालतं. तुमच्या रानात मात्र पाणी गोडं आहे आणि वीज वाहण्यात चिकणमाती त्याच्या बरोबरीला बसली आहे. एवढा ठळक फरक तिथे पडणार कुठून?

रोध वाढला म्हणजे तेल किंवा वायू, पण दोघांतलं कोण? त्यासाठी आणखी दोन रेघा असतात. न्यूट्रॉनचं उपकरण खरं तर हायड्रोजन मोजतं. वायूत हायड्रोजन विरळ, म्हणून ते पोकळी आहे त्याहून कमी दाखवतं. घनतेच्या उपकरणाला वायूमुळे खडक हलका भासतो, म्हणून ते पोकळी जास्त दाखवतं. मग त्या दोन रेघा एकमेकींना ओलांडून जातात आणि मधे एक जागा पडते. ती आम्ही रंगीत पेन्सिलीनं भरायचो. चिकणमातीत याच रेघा उलट्या बाजूला फाकतात. नवीन लॉग हातात आला की माझी नजर आजही आधी या दोन रेघांच्या सांध्यावर जाते.

म्हणजे तेलवाल्यांकडे भोक असतं, एकाच जागेची चार वेगवेगळी मोजमापं असतात, आणि खडकाचे तुकडे प्रयोगशाळेत आधी तपासलेले असतात. रांजणाला टिचकी मारली की भरलेला आहे की रिकामा ते कळतं, कारण रांजणाची माती आणि जाडी आपल्या ओळखीची असते. तुमच्या रानात टिचकी मारली गेली, पण भांडं कसलं आहे याची चौकशीच झाली नाही.

ती चौकशी तुम्ही स्वतः करू शकता, आणि ती फुकट आहे. तुमच्या शिवारात आणि शेजाऱ्यांकडे जेवढ्या विहिरी आणि बोअर आहेत, त्यांत मुरूम किती फुटांपर्यंत, केसिंग कुठवर, लाल पट्टा कितीवर, पहिलं पाणी कितीवर आणि दुसरं कितीवर, हे वहीत उतरवा. जमिनीचा उतारही लिहा. आपल्याकडचे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पडलेले आहेत, त्यामुळे दोन विहिरींतला लाल पट्टा जुळला की तो तिसऱ्या जागी साधारण कितीवर लागेल ते सांगता येतं. फक्त खोली प्रत्येक विहिरीच्या कठड्यापासून मोजलेली असते, म्हणून कठड्यांची उंची अंदाजानं न धरता मोजून सगळ्या नोंदी एकाच पातळीवर आणा, एवढं लक्षात ठेवा. हे हातात घेऊन मगच मोजणी करा, आणि एका बिंदूवर न करता नाल्याला आडवी एक ओळ धरून करा. बोअर मारताना दर दहा फुटांची भुकटी वेगळी काढून पाण्यात धुऊन बघायला सांगा. लाल, राखाडी, पांढरे दाणे असलेली, असं नुसतं लिहिलं तरी पुरे.

आणखी खोल जाऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. नका जाऊ. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ‘खोल विहीर’ कशाला म्हणायचं याची रेघ ६० मीटरवर, म्हणजे जवळपास दोनशे फुटांवर ओढली आहे, आणि खडकाचा विचार केला तर ती रेघ योग्य जागी आहे. आपल्याकडचं भरवशाचं पाणी वरच्या कुजलेल्या आणि भेगाळ भागात असतं. त्याच्या खाली एखादा सांधा पाणी देतोही, पण पावसाचं पाणी तिथवर पोचायला फार काळ लागतो. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा या भागात खोल बोअरची काही कमी नव्हती.

जिंतूरहून एक वाचक: मोबाइलमधल्या ॲपवर पाणी दिसतं म्हणतात. खरं का?

नाही. मोबाइलमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा छोटा सेन्सर असतो. आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय आहे, त्यामुळे रानात फिरताना आकडा खाली-वर होणारच. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. पैसे देऊ नका.

नांदेडहून भूशास्त्राची एक विद्यार्थिनी: मॅडम, खडकात पाण्याऐवजी वायू आला की पी-लहरीचा वेग घटतो आणि एस-लहरीचा किंचित वाढतो, असं वाचलं. द्रव बदलल्यावर दोन्ही सारख्याच का बदलत नाहीत? आणि माझ्या प्रकल्पात दख्खनच्या बेसाल्टला (काळ्या पाषाणाला) छिद्रांतल्या द्रवाचा परिणाम काढणारं गॅसमन यांचं समीकरण लावलं तर चालेल का?

बेटा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण या विषयाचं मूळच तू धरलं आहेस.

पी-लहर खडकाला दाबते आणि सोडते. दाबाला खडकाचा सांगाडा विरोध करतो, आणि छिद्रांत अडकलेला द्रवही करतो. एस-लहर खडकाला आडवं कातरते. कातरायला द्रव विरोध करत नाही, मग ते पाणी असो, तेल असो की वायू. म्हणून द्रव बदलला तरी शिअर मॉड्युलस, म्हणजे खडकाचा कातरण्याला होणारा विरोध, तसाच राहतो. एस-लहरीच्या वेगात फरक पडतो तो फक्त घनतेमुळे: वायू आला की खडक हलका होतो आणि लहर थोडी लवकर पोचते.

आकडे घालून बघ, म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. २५ टक्के सच्छिद्रतेचा वालुकाश्म घे. खनिजाचा बल्क मॉड्युलस (दाबाला होणारा विरोध) ३७ गिगापास्कल (क्वार्ट्झ), कोरड्या सांगाड्याचा ८, शिअर मॉड्युलस ७, दाण्यांची घनता घनमीटरला २,६५० किलो. द्रव खारं पाणी असेल (बल्क मॉड्युलस २.५, घनता १,०५०) तर गॅसमन यांच्या समीकरणातून पी-लहरीचा वेग येतो सेकंदाला सुमारे ३,१७५ मीटर आणि एस-लहरीचा १,७६५. पाण्याच्या जागी तेल घाल (१.२ आणि ७५०), पी-लहर ३,०४० वर उतरते. वायू घाल (०.०४ आणि १५०), ती २,९३५ वर येते आणि एस-लहर १,८६० वर चढते. दोन वेगांचं गुणोत्तर पाण्यात १.८०, वायूत १.५८. वायू ओळखायला आम्ही या गुणोत्तरावर इतका भर का देतो, ते तुला यातून दिसेल.

आता या गणितातली सगळ्यात महत्त्वाची जागा. छिद्रांत ९० टक्के पाणी आणि फक्त १० टक्के वायू, तोही एकजीव मिसळलेला, असं धरून पुन्हा सोडव. पी-लहर येईल साधारण २,८५५. म्हणजे पूर्ण वायूपेक्षाही कमी! कारण मिश्रणाचा मऊपणा त्यातला सर्वांत मऊ घटक ठरवतो. दहा टक्के वायूनं द्रव जवळजवळ वायूइतका मऊ झाला, पण वजन मात्र पाण्याचंच राहिलं. याच कारणानं १९७० च्या दशकापासून, वरून पाठवलेल्या लहरींच्या नकाशावर चमकणारे पट्टे बघून खोदलेल्या काही विहिरींत वायूचा नुसता अंश निघाला. विकण्याजोगा साठा आणि हा अंश यांत फरक करायचा तर घनता हवी, कारण ती वायूच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत बदलते. ओस्ट्रँडर यांनी १९८४ साली दाखवलं की लहर तिरकी पाठवून परावर्तन कसं बदलतं ते पाहिलं, तर वायूच्या वाळूचा वेगळा ठसा मिळतो. त्यानं पुष्कळ मदत झाली. तरी वायू थोडा की भरपूर, हा प्रश्न त्यातून अवघडच राहतो.

मग बेसाल्ट. तिथे गॅसमन लावण्याआधी दोनदा विचार कर. फ्रित्झ गॅसमन झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात होते. त्यांचं १९५१ सालचं समीकरण काही अटींवर उभं आहे. छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत, म्हणजे लहर जात असताना आतला दाब सगळीकडे सारखा व्हायला वेळ मिळतो. लहरीची वारंवारता कमी हवी. द्रवामुळे सांगाड्यात रासायनिक बदल व्हायला नको. आता तुझ्या टेबलावरचा मांजऱ्या खडकाचा तुकडा भिंगाखाली धर. लाव्हातल्या वायूचे ते बुडबुडे, आत पांढऱ्या झिओलाइटचे किंवा हिरवट खनिजाचे दाणे भरलेले, आणि दोन बुडबुड्यांच्या मधे सलग काळा पाषाण. पोकळ्या आहेत, पण वाट नाही. मग दाब सारखा होणार कसा? पाणी वाहतं ते भेगांतून, आणि भेगा तुझ्या तुकड्यात येतच नाहीत, कारण तुकडा कापताना तो भेगेवरच फुटतो.

अटी पाळल्या असं धरलं तरी फरक किती पडतो, तेही काढून बघ. १० टक्के पोकळी, खनिजाचा बल्क मॉड्युलस ८०, सांगाड्याचा ४०, शिअर मॉड्युलस २८, दाण्यांची घनता २,९५० असे ढोबळ आकडे घे. हवेनं भरलेल्या खडकात पी-लहर ५,४०० च्या आसपास, पाण्यानं भरलेल्यात ५,४७०. एक-दीड टक्का. उलट खडक थोडा कुजलेला असला तर वेग हजार-दोन हजारांनी उतरतो. मऊ वाळूत द्रवाची सही मोठी असते, कडक खडकात ती सांगाड्याच्या फरकांत बुडून जाते. मुंबई हायच्या चुनखडीतही आम्हाला हा त्रास होताच. औशाच्या भाऊंना वर जे लिहिलं, त्याचं गणित हेच आहे.

म्हणून प्रकल्पाचा प्रश्नच थोडा वळव. बेसाल्टच्या वेगावरून पाणी ओळखता येतं का, हे विचारण्याऐवजी वेगावरून कुजलेला, भेगाळ आणि अखंड खडक वेगळे करता येतात का, ते तपास. ते येतात, आणि पाणी शोधणाऱ्याला त्याचाच उपयोग आहे. नमुने आधी कोरडे मोज. प्रयोगशाळेतल्या लहरी लाखो हर्ट्झच्या असतात, त्या वेगानं छिद्रांतल्या द्रवाला हलायला वेळच मिळत नाही आणि ओला नमुना आहे त्याहून कडक भासतो. प्रत्यक्ष रानात पाठवलेल्या लहरी दहा ते शंभर हर्ट्झच्या. त्या दोन्ही आकड्यांची थेट तुलना करणारे प्रबंध मी वाचले आहेत, तुझा तसा होऊ नये. गेरूचा नमुना असेल तर भट्टीत कडक वाळवू नकोस, चिकणमातीला धरून असलेलं पाणी निघून गेलं की तो खडक वेगळाच वागतो. आणि सच्छिद्रता, घनता, रोध, दोन्ही लहरींचे वेग, हे पाचही एकाच तुकड्यावर मोज. पाच वेगळ्या तुकड्यांची सरासरी घेऊन काहीच हाती लागणार नाही.

उमरग्याहून एक निवृत्त शिक्षक: मुंबईजवळ समुद्रात तेल आहे, गुजरातेत अंकलेश्वरला आहे. मराठवाड्याच्या पोटात नसेल कशावरून?

सर, तेल तयार व्हायला जैविक गाळाचे जाड थर लागतात. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात तेल तयार होत नाही. खरा प्रश्न त्याच्या खाली काय आहे हा, आणि तो प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. लाव्हाखाली जुना गाळ दडलेला असू शकतो, आणि लाव्हाचे थर वरून पाठवलेल्या लहरी विस्कटून टाकत असल्यामुळे खालचं चित्र धूसर येतं.

तुमच्या तालुक्याच्या शेजारी मात्र याचं थेट उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल विहीर संशोधनासाठी खोदली गेली. लाव्हा संपला ३३८ मीटरवर. त्याच्या खाली गाळाचा थर लागला तो जेमतेम आठ मीटरचा, आणि पुढे थेट अतिप्राचीन कठीण पायाखडक. आठ मीटर गाळात तेल शिजत नाही. सगळा मराठवाडा एका भोकावरून ठरवता येणार नाही, पण उमरगा-औशाच्या बाजूला मी तरी तेलाची आशा धरणार नाही.

त्याच विहिरीतून निघालेल्या खडकाच्या कांड्यांवर वेग आणि घनतेची मोजमापं झाली, आणि भूकंपलहरींवरून किल्लारीखालच्या वेगांचे नकाशेही काढले गेले. काही संशोधकांनी त्यांवरून भूकंपाच्या केंद्राजवळ भेगांत द्रव असावा असा अंदाज मांडला. इथेही नांदेडच्या विद्यार्थिनीला सांगितलेली गुणोत्तराचीच पद्धत आहे: पी-लहर आणि एस-लहर यांचं प्रमाण बदललं का ते बघायचं. फक्त इथे शोध तेलाचा नव्हता. भेगांतल्या द्रवाचा दाब वाढला की खडक सरकायला सोपा होतो, म्हणून तो द्रव शोधला जात होता.